कलिंगडाला पाणी किती आणि कधी? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

कलिंगडाच्या लागवडी सुरू झाल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रे पाण्याची असतात. त्यांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम मोठे दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांत त्यातलेच आकडे येतात.

प्रश्न : एक एकर कलिंगड आहे. जमीन मध्यम, दीड फुटाखाली मुरूम. दोन बेडमध्ये साडेसहा फूट (२ मीटर) अंतर, वर मल्चिंग पेपर (जमीन झाकणारे प्लास्टिक). प्रत्येक बेडवर एक लॅटरल (ठिबकची नळी), ४० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रिपर आणि प्रत्येक ड्रिपरजवळ एक रोप. मी रोज एक तास पाणी देतो. शेजारचे भाऊ दोन दिवस सोडून तीन तास देतात. दोघांचीही खात्री आहे की आपलेच बरोबर. बाष्पीभवन मोजून, टेन्शिओमीटर (मातीतली ओल दाखवणारे उपकरण) लावूनही पाणी देतात असे वाचले. आम्ही कोणती पद्धत धरावी? – एक वाचक, ता. माळशिरस, जि. सोलापूर

उत्तर : आधी एक हिशेब करू. तुमच्या अंतराने एकरात सुमारे ५,००० ड्रिपर बसतात, म्हणजे तासाला १०,००० लिटर पाणी पडते. तुम्ही तीन दिवसांत ३०,००० लिटर देता आणि शेजारीही तीन दिवसांत ३०,००० लिटरच देतात. पाणी सारखेच आहे, फरक आहे तो फक्त पाळीचा. वाद पाळीवरून चाललाय, पण चूक बहुधा पाण्याच्या मापातच आहे आणि ती दोघांचीही आहे.

रोप लावल्यापासून तोडणीपर्यंत रोज एक तास, हे घड्याळाचे पाणी झाले. पीक मात्र हवामान आणि वाढ पाहून पाणी पिते. ही गरज काढायची रीत अवघड नाही. बाष्पीभवन पात्रातून (कृषी विद्यापीठांत, हवामान केंद्रांवर असते ते १२० सेंमी व्यासाचे, २५ सेंमी खोल गोल पात्र) दिवसात किती मिलिमीटर पाणी उडाले तो आकडा घ्यायचा. त्याला ०.७ ने गुणायचे, कारण उघड्या पात्रातून जेवढे पाणी उडते तेवढे पिकातून उडत नाही. मग पिकाच्या अवस्थेचा गुणांक लावायचा. कलिंगडासाठी तो सुरुवातीला ०.४, वेलांनी जमीन झाकून फळे पोसायला लागली की १.०, आणि तोडणीच्या सुमारास ०.७५ धरतात. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने काढलेल्या ५६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतले हे आकडे आहेत आणि ते उघड्या जमिनीसाठी आहेत. प्लास्टिक मल्चिंगखाली जमिनीतून उडणारे पाणी वाचते, म्हणून भाजीपाला पिकांत गुणांक १० ते ३० टक्क्यांनी कमी धरतात. आपण २० टक्के कमी धरू.

आता तुमच्या शेताचे पाहू. एका रोपाच्या वाट्याला २ मीटर गुणिले ०.४ मीटर, म्हणजे ०.८ चौरस मीटर जागा येते. जानेवारीत लागवड झाल्यावर पहिले वीस दिवस पात्राचा आकडा साधारण ५.७ मिमी धरला, तर गुणाकार करून रोजची गरज १.३ मिमीच्या आसपास येते. तिला ०.८ ने गुणा आणि ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून ०.९ ने भागा. रोपाला रोज सव्वा लिटरही लागत नाही. म्हणजे मोटर साधारण ३५ मिनिटे पुरे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वेल पळायला लागतात, तेव्हा रोपामागे अडीच लिटर म्हणजे सव्वा तास लागतो. मार्चमध्ये फळे फुगत असताना पात्रातून रोज ८ मिमी उडत असेल तर रोपाला ४ लिटर, एकरी २०,००० लिटर, म्हणजे पूर्ण दोन तास लागतात.

तुमचा रोजचा एक तास याच्याशेजारी ठेवून पाहा. पहिल्या वीस दिवसांत तुम्ही गरजेच्या जवळजवळ पावणेदोन पट पाणी देता. रोपाची मुळे वरच्या ओल्या थरातच राहतात, मूळकुजीला जागा मिळते आणि नत्र मुळांच्या खाली निघून जाते. नेमकी फळे पोसायच्या वेळी मात्र तुम्ही गरजेच्या निम्मे देता. शेतात वेल दांडगे आणि फळ दोन-अडीच किलोवर अडलेले दिसत असेल, तर त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पाणी किती द्यायचे ते हवामानावरून कळले. किती दिवसांनी द्यायचे ते माती सांगते. मध्यम जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असे सुमारे १५० मिमी पाणी धरून ठेवते. बेडमध्ये कलिंगडाची कामाची मुळे बहुतेक ४० सेंमीच्या आत असतात, म्हणून आपल्या हिशेबात ६० मिमी. कलिंगडाला यातले साधारण ४० टक्के पाणी संपेपर्यंत त्रास होत नाही, त्यापुढे ताण बसतो. म्हणजे वापरायला २४ मिमी. पण ठिबकने सगळी जमीन भिजत नाही. २ मीटरपैकी ८० सेंमीचा पट्टाच भिजतो, म्हणून पूर्ण क्षेत्रावर मोजले तर ९.६ मिमी होतात. फळे फुगताना पीक रोज साडेचार मिमी पाणी पिते, तेव्हा हा साठा दोन दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी झाडाला ताण बसतो. त्यामुळे मार्चमध्ये शेजाऱ्यांची पाळी लांब पडते. जानेवारीत मात्र मुळे लहान असल्याने त्यांचे एकदम तीन तासांचे पाणी खाली वाहून जाते.

हाच हिशेब मीटरला ८० मिमी पाणी धरणाऱ्या हलक्या मुरमाड जमिनीत केला तर साठा जेमतेम एका दिवसाचा भरतो. तिथे रोज, आणि उन्हाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ निम्मे निम्मे पाणी द्यावे लागते. भारी काळ्या जमिनीत अडीच दिवस निघतात. तुमच्याकडे खाली मुरूम आहे, म्हणून फळे पोसताना एक दिवस आडपेक्षा रोज दिलेले बरे.

राहिला प्रश्न पद्धत कोणती धरायची याचा. बाष्पीभवनाचे गणित कागदावर चोख असते, पण तुमचा ड्रिपर खरोखर २ लिटर टाकतो की नाही हे त्याला माहीत नसते. ते आधी तपासा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या लॅटरलवर ड्रिपरखाली वाटी धरा. तीन मिनिटांत १०० मिली पाणी जमले तर ड्रिपर ताशी २ लिटरचा आहे. शेवटी ७० मिलीच जमत असेल तर गाळणी, दाब आणि लॅटरलची टोके उघडून साचलेला गाळ पाहा. त्यात सुधारणा झाल्याशिवाय कुठलाही तक्ता लावू नका.

हाताने माती पाहण्याची जुनी रीत फुकटची आहे आणि आम्ही ती कधीच सोडू देणार नाही. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर २० सेंमी खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि तळव्याला ओल चिकटली तर पाण्याची गरज नाही. लाडू वळतो पण तळहातावर जरा उडवला की फुटतो, ही पाणी देण्याची वेळ. लाडूच वळत नसेल तर उशीर झालाय. या रीतीत एक उणीव आहे : ती वेळ सांगते, माप सांगत नाही. म्हणून दर आठवड्याला बाष्पीभवनाच्या आकड्यावरून मोटरचे तास बदला आणि दर दोन-तीन दिवसांनी मुठीतल्या मातीवरून ते तपासा. एक-दोन एकरांसाठी ही जोडी पुरते. टेन्शिओमीटरचा खरा उपयोग हलक्या जमिनीत आणि मोठ्या क्षेत्रात होतो. तिथे चूक सुधारायला एक दिवसही मिळत नाही.

पात्राचा आकडा तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यातून मिळवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे मोबाईल अॅपही असाच हिशेब करून देते. घरी टब किंवा बादली ठेवून काढलेला आकडा मात्र या गुणांकांना लावू नका. लहान भांड्याच्या कडा तापतात आणि त्यातून पाणी जास्त उडते. आजचा दिवस कालच्यापेक्षा किती कडक, एवढे समजायला तो टब चालेल.

प्रश्न : टेन्शिओमीटर बसवला. पहिल्या दिवशी काटा २० वर होता, चार दिवसांनी शून्यावर आला तो हललाच नाही. माती तर कोरडी दिसते. उपकरण बिघडले का? – एक वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : बहुधा बिघाड नाही, नळीत हवा शिरली आहे. टेन्शिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, तिच्या तळाला सच्छिद्र चिनी मातीचा कप आणि वर निर्वात दाबाचा काटा. माती कोरडी होऊ लागली की कपातून पाणी ओढते आणि ती ओढ काटा दाखवतो. ओढ ८०-८५ सेंटीबारच्या (काट्यावरचे ओढीचे माप) पुढे गेली, किंवा कप आणि मातीत पोकळी राहिली, की हवा आत जाते आणि काटा शून्यावर बसतो. शून्य म्हणजे ‘चिंब ओली माती’ असाही अर्थ होतो. म्हणूनच हा बिघाड फसवा असतो : शेत वाळत असते आणि उपकरण भरपूर ओल दाखवत राहते.

उपकरण बाहेर काढा, पण काट्याच्या तबकडीला धरून ओढू नका, नळीला धरून फिरवत काढा. कपाला बारीक चीर आहे का ते पाहा. कप रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. उकळून गार केलेले पाणी नळीत भरा, न उकळलेल्या पाण्यात विरघळलेली हवा नंतर बुडबुडे होऊन वर येते. सोबत मिळालेल्या हातपंपाने हवा ओढून घ्या, पुन्हा पाणी भरा, झाकण घट्ट लावा. मग कप उघड्या वाऱ्यात धरा. तासाभरात काटा ६० च्या वर चढला आणि कप पाण्यात बुडवताच काही मिनिटांत खाली आला, तर उपकरण ठणठणीत आहे. चढलाच नाही तर झाकणाची रबरी चकती किंवा कप बदला.

पुन्हा बसवताना घाई करू नका. नळीच्याच जाडीच्या लोखंडी पाइपने भोक पाडा. त्याच भोकातल्या मातीचा ताकासारखा रबडा करून आत ओता आणि कप त्यात दाबून बसवा. काळ्या जमिनीत हा रबडा नसेल तर माती आकसली की कप मोकळा पडणारच. वर नळीभोवती मातीचा उंचवटा करा, नाहीतर पाणी नळीच्या कडेने सरळ कपापर्यंत उतरते. मल्चिंगला छेद लहान घ्या आणि कडा चिकटपट्टीने बंद करा.

जागा रोपाच्या ओळीतच हवी, ड्रिपरपासून १० ते १५ सेंमीवर. एकाऐवजी दोन बसवा : एकाचा कप २० सेंमीवर, दुसऱ्याचा ४० सेंमीवर. रोज सकाळी सात-आठच्या सुमारास एकाच वेळी आकडा घ्या. वरच्या उपकरणावर हलक्या जमिनीत १५ ते २०, मध्यम जमिनीत २५ ते ३५ आणि भारी जमिनीत ४० ते ५० सेंटीबारला मोटर सुरू करायची. खालचे उपकरण पाणी किती वेळ द्यायचे ते सांगते. प्रत्येक पाण्यानंतर त्याचा काटा दहाच्या खाली येत असेल तर पाणी मुळांच्या खाली चालले आहे, वेळ कमी करा. तो रोज थोडा थोडा चढतच असेल तर पाणी खालपर्यंत पोहोचत नाही, वेळ वाढवा. आम्हाला विचाराल तर या खालच्या काट्यासाठीच हे उपकरण घ्यावे. वरची ओल हाताने कळते, खालची गळती हाताला कधीच कळत नाही.

प्रश्न : भारी काळी जमीन. फळ गोड व्हावे म्हणून तोडणीआधी सहा दिवस पाणी बंद केले. व्यापाऱ्याने गाडी चार दिवस पुढे ढकलली. वेल मलूल झाले म्हणून संध्याकाळी चार तास पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात फळे तडकलेली होती, अक्षरशः टकटक आवाज येत होता. तोडणीआधी पाणी बंद करायला सगळेच सांगतात, मग हे कसे झाले? – एक वाचक, जि. परभणी

उत्तर : तुमचे नुकसान वाचून फार वाईट वाटले. यात पाणी बंद करण्यापेक्षा ते एकदम सुरू करणे जास्त नडले. पिकत आलेल्या कलिंगडाची साल ताठ झालेली असते, ती आता ताणत नाही. आतला गर साखरेने भरलेला असतो आणि साखर पाणी ओढते. दहा दिवस तहानलेल्या मुळांना एकदम चार तास पाणी मिळाले. रात्री पानांतून पाणी उडत नाही, त्यामुळे मुळांनी ओढलेले सगळे पाणी फळात शिरले. पहाटे फळातला दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून तडकण्याचा आवाज सकाळी आला.

गोडी कशाने येते हेही पाहू. साखर पानात तयार होते. शेवटच्या दहा दिवसांत पाने हिरवी आणि ताजी असतील तरच ती फळात उतरते. पाणी साफ तोडून वेल मलूल केले तर साखर तयार होणेच थांबते. पाणी थोडे कमी केल्याने फळात पाण्याचा भार कमी होतो आणि गोडी वाढल्यासारखी लागते, एवढेच तुटीचे काम. पाणी तोडून कच्चे फळ गोड होत नाही.

म्हणून पाणी बंद करू नका, पायरीपायरीने उतरवा. भारी जमिनीत तोडणीच्या दहा दिवस आधी गरजेच्या तीन चतुर्थांश, पाच दिवस आधी निम्मे, आणि शेवटचे दोन दिवस अगदी थोडे किंवा बंद. मध्यम जमिनीत हीच उतरण सात दिवसांत करा. मुरमाड जमिनीत साठाच नसतो, तिथे निम्म्याच्या खाली जाऊच नका. गाडी पुढे ढकलली तर रोज २०-२५ मिनिटे पाणी चालू ठेवा, त्याने फळाला झटका बसत नाही. चुकून वेल फार सुकलेच तर पहिल्या दिवशी सकाळी पंधरा-वीस मिनिटे, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, असे चढवा. हे पाणी सकाळीच द्या, म्हणजे दिवसा पाने त्यातले बरेच उडवून टाकतात.

तोडणीची तारीख पाण्यावरून ठरवू नका. फळाच्या देठाजवळचा तणावा (वेलाचा दोरीसारखा तंतू) वाळला, जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळा झाला आणि टिचकीचा आवाज बद येऊ लागला की फळ तयार. शक्य असेल तर रिफ्रॅक्टोमीटरने चार-पाच फळांचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) पाहा, ११-१२ असेल तर बाजारात नाव राहते. तोडणी भल्या पहाटे न करता ऊन थोडे चढल्यावर करा. पहाटेचे टचटचीत फळ गाडीत भरतानाही फुटते.

आणखी एक गोष्ट. फळाचे टोक काळे पडून कुजणे ही तक्रारही पाण्याच्या चढउताराशी जोडलेली आहे. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जाते. मध्येच ताण आणि मध्येच पूर असे झाले की जमिनीत कॅल्शियम असूनही ते टोकापर्यंत पोहोचत नाही. कॅल्शियम नायट्रेट सोडण्याआधी पाण्याची पाळी सारखी करा.

प्रश्न : दुपारी एक ते चार पाने कोमेजतात. पाणी वाढवावे का? – एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा

उत्तर : दुपारचे पाहून ठरवू नका. कडक उन्हात मुळे जेवढे पाणी देतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडते, म्हणून ओल असतानाही पान कलते. संध्याकाळपर्यंत पान उभे राहिले तर काळजी नाही. सकाळी सात वाजताही पाने पडलेली असतील तर बेडमध्ये दहा मिमीची लोखंडी सळई दाबून पाहा. सळई दहा-पंधरा सेंमीवरच अडली तर जमीन कोरडी आहे, पाणी द्या. ती सहज दोन वीत खाली गेली तर जमीन ओली आहे आणि दुखणे मुळाचे आहे. तेव्हा पाणी वाढवले तर रोग वाढतो. एक वेल उपटून खोड उभे चिरा : आत तपकिरी रेघा असतील तर फ्युजेरियम बुरशीची मर, मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी.

प्रश्न : शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज असते. रात्री ठिबक चालवले तर रोग येतो का? आणि पाणी अर्ध्या तासावर आणले तर खत कसे सोडायचे? – एक वाचक, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर

उत्तर : मल्चिंगखालच्या ठिबकने पान भिजत नाही, त्यामुळे रात्रीच्या पाण्याने पानावरचे रोग वाढायचे कारण नाही. धोका वेगळा आहे. ऑटो स्टार्टर लावलेली मोटर रात्रीची पूर्ण आठ तासांची पाळी चालली, तर पहिल्या प्रश्नातल्या एकराला ८०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे भर मार्चमधली चार दिवसांची गरज एका रात्रीत, आणि लहान रोपांच्या वेळी तर दोन आठवड्यांची. स्टार्टरला टायमर जोडा आणि मुख्य पाइपवर पाण्याचे मीटर बसवा. सकाळी मीटर पाहिले की रात्री किती पाणी पडले ते कळते. एखादी लॅटरल निसटली असेल तर आकडा फुगलेला दिसतो आणि शेतभर न फिरता शंका येते.

रात्रीच्या आठवड्यात रोज पाणी जमत नसेल तर वीज येण्याच्या आदल्या दिवशी मुठीत माती पाहा. हलक्या जमिनीत मात्र शेततळे किंवा उंचावर टाकी असल्याशिवाय फळे पोसण्याचा काळ निभावणे कठीण जाते, हे लागवडीआधीच धरून चाला.

खतासाठी वेळेचे चार भाग करा. पहिल्या भागात नुसते पाणी, मधल्या दोन भागांत खत, शेवटच्या भागात पुन्हा नुसते पाणी. अर्ध्या तासाच्या पाळीत खताला पंधरा मिनिटे मिळतात. व्हेंच्युरी (ठिबकमध्ये खत ओढून घेणारे साधन) तेवढ्यात टाकी ओढत नसेल तर द्रावण घट्ट न करता खताचा तो हप्ता दोन दिवसांत विभागा. शेवटचे धुणे टाळले तर ड्रिपरच्या तोंडाशी क्षार बसतात. खत सुरुवातीलाच सोडून मग खूप पाणी दिले तर ते मुळांच्या खाली जाते.

लागवडीच्या वेळची एक चूक इथेच सांगून ठेवतो. बेड पूर्ण कोरडा असेल तर तो ४० सेंमी खोल भिजायला नऊ-दहा तासांचे पाणी लागते. ते दोन-तीन दिवसांत विभागून द्या आणि वाफसा आल्यावरच रोप लावा. बरेच जण दोन तास पाणी देऊन रोपे लावतात. वर ओल दिसते, पण वीतभर खाली कोरडा थर राहतो आणि मूळ तिथेच वळून बसते.

प्रश्न : भात कापल्यावर आमच्या खाचरात कलिंगड करतो. ठिबक नाही, आळ्यात पाइपने पाणी घालतो. दोन आळ्यांत २ मीटर आणि १ मीटर अंतर, एका आळ्यात दोन वेल. मजूर अंदाजाने पाणी घालतात. किती लिटर घालावे? आणि एका कंपनीचा माणूस ओलाव्याचा सेन्सर घ्या म्हणतो, घ्यावा का? – एक वाचक, ता. अलिबाग, जि. रायगड

उत्तर : तुमचा हिशेब सोपा आहे. वेल पूर्ण पसरले की एका आळ्यामागे २ चौरस मीटर जागा येते. किनाऱ्याकडे हवा दमट असल्याने देशावरच्यापेक्षा पाण्याची गरज थोडी कमी. उन्हाळ्याच्या तोंडावर रोज ५ मिमी धरले तर आळ्याला रोज १० लिटर, आणि घालताना वाया जाणारे धरून १२ लिटर. एक दिवस आड घालत असाल तर २४-२५ लिटर. उगवणीनंतर पहिले दोन आठवडे आळ्याला रोज दीड-दोन लिटर पुरतात, कारण मूळ आळ्याच्या बाहेर गेलेलेच नसते. पुढे वेल पसरेल तसे दर आठवड्याला वाढवा.

अंदाज मोडायचा तर पाइपखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. ती ३० सेकंदांत भरत असेल तर २४ लिटरला ४८ सेकंद. हा आकडा पाणी घालणाऱ्याला सांगा. पाणी खोडाला लावू नका. आळ्याच्या कडेने गोल चर काढून त्यात सोडा, वेल मोठा होईल तसा चर बाहेर सरकवा. नाहीतर मूळ बुंध्याजवळच राहते आणि बुंधा कुजतो. भाताच्या खाचरात वीतभर खाली चिखलणीचा कठीण थर असतो. आळे खणताना तो फोडला नाही तर पाणी त्यावर साठते आणि माप बरोबर असूनही मुळे गुदमरतात. आळ्याभोवती आणि फळांखाली भाताचा पेंढा पसरा. ओल टिकते आणि फळ ओल्या मातीला टेकत नाही.

सेन्सरबद्दल स्पष्ट सांगतो, तुमच्या पद्धतीला तो आता नको. विद्युत सेन्सर मातीप्रमाणे जुळवून घ्यावे लागतात. भारी किंवा खारवट मातीत त्यांचा आकडा भलताच येतो आणि आळ्यात कुठे खोचला त्यावरही तो बदलतो. घेतलाच तर ‘३२ टक्के’ अशा आकड्यावर विसंबू नका. पाणी दिल्यावर सेन्सरच्या आलेखाची रेघ किती चढते आणि किती दिवसांत उतरते ते पाहा. स्वस्तात काही हवे असेल तर कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने तयार केलेला हाती ओलावा दर्शक आहे. तो निळा, हिरवा, नारिंगी, लाल अशा दिव्यांनी भरपूर ओलीपासून कोरडेपणापर्यंत दाखवतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर आणखी एक सावधगिरी : टेन्शिओमीटरला क्षार दिसत नाहीत. काटा ओल दाखवत असतानाही क्षारांमुळे मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा करपू लागल्या तर ओलाव्याच्या आकड्यावर विसंबून न राहता आधी विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या.